एकाच तारवातील माणसे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७
पूरक वाचन : २ राजे ५:१-१४, योना १, गलती २:११-१४, इफिस ४:१५



प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपण पुष्कळदा वाचला असेल. वादळातील धैर्याचे आणि देवाच्या अभिवचनाच्या खरेपणाचे उदाहरण म्हणून त्यावर उपदेशही ऐकले असतील. ते योग्यच आहे. परंतु हा अध्याय आणखी एका दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्या तारवावर दोनशे शहात्तर माणसे होती. तारवाचा मालक होता, तांडेल होता, खलाशी होते, रोमी शिपाई व त्यांचा शताधिपती होता, आणि रोमला न्यायासाठी नेले जाणारे कैदी होते. संकट वाढत गेले तसतसा ह्या माणसांमधील ताणही वाढत गेला. कोणी कोणाचे ऐकले नाही, कोणी कोणाला टाकून पळू पाहिले, कोणी कोणाला ठार मारू पाहिले, हे सारे लूकने बारकाईने लिहून ठेवले आहे. कारण तो स्वतः त्या तारवावर होता.

आज आपण तारवाने क्वचितच प्रवास करतो. परंतु नोकरीनिमित्त दिल्ली, हैदराबाद, बंगळूर किंवा परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना विमानप्रवास नवा राहिलेला नाही. विमानांच्या काही मोठ्या अपघातांची जी कसून चौकशी झाली, तिच्यातून एक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आली आहे. त्या अपघातांत यंत्र बिघडले होते किंवा हवा प्रतिकूल होती, एवढेच कारण नव्हते. माणसामाणसांतले बोलणे बिघडले होते. ज्याला धोका दिसला तो स्पष्ट बोलला नाही, किंवा बोलला तरी ज्याच्या हाती अधिकार होता त्याने ऐकले नाही. त्या अपघातांची माहिती समोर ठेवून हा अध्याय वाचला, तर लूकने हे बारकावे का टिपले हे ध्यानात येते. ह्यात कोणाही मृताचा न्याय करण्याचा हेतू नाही. न्याय करणारा प्रभू आहे. आपण केवळ शिकण्यासाठी पाहू या.

१. ममता होती, पण ऐकणे नव्हते (वचने ३, ९-१३)

युल्य नावाचा शताधिपती पौलाशी सौजन्याने वागला. सिदोन येथे त्याने त्याला मित्रांकडे जाऊन पाहुणचार घेण्याची मोकळीक दिली. हे लूक मुद्दाम सांगतो. पण पुढे सुंदर बंदर ह्या ठिकाणी पौलाने सावधगिरीची सूचना दिली, तेव्हा ह्याच सौजन्यशील अधिकाऱ्याने तांडेलाच्या व मालकाच्या शब्दाला अधिक मान दिला. उपोषणाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे शरद ऋतू लागला होता आणि समुद्रप्रवास धोक्याचा झाला होता. ह्या प्रवासापूर्वीच आपण तीनदा फुटलेल्या तारवात सापडलो होतो, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे (२ करिंथ ११:२५). म्हणजे तो केवळ भाविकपणाने बोलत नव्हता, अनुभवाने बोलत होता.

युल्याचा निर्णय वरवर पाहता मूर्खपणाचा नव्हता. तांडेल हा जाणकार, मालकाचे तारू, ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे, आणि बहुतेकांचे मत पुढे जावे असेच होते. शिवाय दक्षिणेचा वारा मंद वाहू लागला आणि आपला बेत सिद्धीस गेला असे सर्वांना वाटले. अनुभव, मालकी, सोय, बहुमत आणि अनुकूल वारा, ही पाचही कारणे एका बाजूला; आणि दुसऱ्या बाजूला एक कैदी. आपण युल्याच्या जागी असतो तर काय केले असते?

येथे पहिला बोध आहे. एखाद्याशी ममतेने वागणे वेगळे आणि त्याचे म्हणणे ऐकणे वेगळे. आपण घरातील धाकट्यांवर माया करतो, मंडळीतील गरीब विधवेला नाताळात लुगडे देतो, तरुणांचे कौतुक करतो. पण निर्णयाची वेळ आली म्हणजे त्यांचा शब्द मोजतो काय?

२. पोर्टलंडजवळील रात्र

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान १८९ जणांना घेऊन अमेरिकेतील पोर्टलंड शहराकडे येत होते. उतरण्यासाठी चाके खाली सोडताना मोठा आवाज झाला, विमानाला हिसका बसला, आणि चाके नीट बसल्याची खूण दाखवणारा दिवा लागला नाही. कप्तान अनुभवी होता. घाई न करता त्याने विमान शहराजवळ घिरट्या घालत ठेवले. चाकांची तपासणी करावी, विमानसेविकांना प्रवाशांची तयारी करण्यास पुरेसा वेळ मिळावा, आणि मग उतरावे असा त्याचा विचार होता. प्रवाशांविषयीची ती काळजी खरी होती. परंतु सुमारे तासभर ह्या एकाच काळजीत त्याचे मन गुंतून राहिले, आणि तेवढ्यात विमानातील इंधन संपत आले.

हे कोणाला कळले नव्हते काय? कळले होते. सहवैमानिकाने इंधनाविषयी विचारले होते. कप्तानाने आणखी पंधरा मिनिटांचा हिशेब सांगितला, तेव्हा इंधनावर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनीअरने, तेवढ्या वेळात इंधन फारच खाली जाईल, असेही म्हटले होते. पण ते म्हटले गेले, एवढेच. आता ताबडतोब उतरलेच पाहिजे, नाहीतर आपण सारे पडू, असे त्या छोट्याशा खोलीत वेळेवर आणि ठामपणे कोणी म्हणाले नाही. एकेक करून इंजिने बंद पडली आणि विमान धावपट्टीपासून सुमारे सहा मैलांवर, झाडी असलेल्या वस्तीत कोसळले. दहा जण मृत्युमुखी पडले. तो फ्लाइट इंजिनीअर त्या दहांपैकी एक होता.

मनाला चटका लावणारी गोष्ट अशी, की चाके मुळात खाली येऊन बसलेलीच होती. ज्या धोक्याकडे सर्वांचे लक्ष लागले होते तो जवळजवळ नव्हताच. जो खरा धोका होता तो सर्वांसमोर काट्यावर दिसत होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशी केली. इंधनाकडे व सहकाऱ्यांच्या सूचनांकडे कप्तानाने योग्य लक्ष दिले नाही, हे मुख्य कारण मंडळाने सांगितले. पण ते तेथे थांबले नाही. बाकीच्या दोघांना परिस्थितीचे गांभीर्य पूर्ण कळले नाही किंवा ते कप्तानाच्या मनापर्यंत पोचवता आले नाही, हेही अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवले. म्हणजे न ऐकणाऱ्याचा दोष आणि पुरेसे न बोलणाऱ्याचा दोष, दोन्ही एकाच पानावर लिहिले गेले. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातील पहारेकरी आपल्याला ठाऊक आहे. तरवार येताना पाहूनही त्याने कर्णा वाजवला नाही, तर रक्ताचा जाब देव त्याच्यापाशी मागतो. कर्णा इतका हळू वाजवला की कोणाची झोप मोडली नाही, तर तो वाजवला असे म्हणता येईल काय?

३. आपल्या देशातील एक सकाळ

आपल्या देशातही असा प्रसंग घडला. २२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला उतरत होते. तेथील धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. तिच्या टोकापलीकडे खोल उतार आहे. विमान योग्य उंचीपेक्षा फार वर होते. न उतरता पुन्हा वर जावे, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितले. यंत्रेही धोक्याची सूचना देत होती. तरी कप्तानाने उतरण्याचा प्रयत्न चालूच ठेवला. धावपट्टीचा पुष्कळ भाग मागे पडल्यावर चाके टेकली, विमान टोकापलीकडे गेले आणि पेटले. १६६ जणांपैकी १५८ दगावले. आखाती देशांतून घरी परतणारी माणसे होती ती. त्यांची आप्तमंडळी त्यांची वाट पाहत होती.

पोर्टलंडला बोलणे अपुरे पडले. मंगळूरला तीनदा बोलूनही ऐकले गेले नाही. शासनाच्या चौकशी न्यायालयाने तो निष्कर्ष लिहून ठेवला आहे.

ह्या दोन्ही प्रसंगांत आपल्या भारतीय मनाला विशेष विचार करावा लागेल. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, हे आपल्याला पाळण्यापासून शिकवले जाते. वडिलधाऱ्यांचा मान राखणे हे पवित्र शास्त्राचेही शिक्षण आहे. पण मान राखणे म्हणजे त्यांना खड्ड्याकडे जाताना पाहूनही मूग गिळून बसणे नव्हे. जो खरोखर मान राखतो तो सावध करतो.

४. मागे बसलेल्यांना दिसले होते

आता प्रवाशांकडे वळू या. ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंड कंपनीचे विमान लंडनहून बेलफास्टला निघाले होते. आत १२६ माणसे होती. वाटेत डाव्या इंजिनाचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले आणि धूर आला. वैमानिकांनी चुकून उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. योगायोगाने थरथर कमी झाली, आणि आपण योग्य तेच केले असे त्यांना वाटले. कृत्यांच्या तेराव्या वचनातील मंद दक्षिण वारा येथे आठवतो. चुकीच्या निर्णयानंतर काही वेळ सारे सुरळीत वाटणे, ही किती फसवी गोष्ट आहे!

उजव्या इंजिनात बिघाड झाल्याने ते बंद केले आहे, असे कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सांगितले. पण मागे बसलेल्या कित्येकांनी ठिणग्या व ज्वाळा डाव्या बाजूला पाहिल्या होत्या. विमानातील सेवकवर्गापैकी काहींनीही त्या पाहिल्या होत्या. ही विसंगती कोणी कॉकपिटपर्यंत नेली नाही. वैमानिकाला आपल्यापेक्षा जास्त कळते, आपण कोण सांगणारे, असे अशा वेळी माणसाच्या मनात येते. उतरण्याच्या बेतात असताना बिघडलेले डावे इंजिनही गेले आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळले. ४७ जणांचे प्राण गेले. पुढे चौकशी अहवालात, वैमानिक आणि विमानातील सेवकवर्ग ह्यांनी संकटात एकमेकांना माहिती कशी द्यावी ह्याचे शिक्षण दोघांनाही मिळावे, अशी शिफारस करण्यात आली.

पवित्र शास्त्रात ह्याच्या अगदी उलट एक उदाहरण आहे. नामान हा अरामाच्या राजाचा सेनापती. त्याच्या घरी इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी दासी होती. तिचे नावही लिहिलेले नाही. धनी कोडाने पिडलेला आहे आणि शोमरोनात देवाचा संदेष्टा आहे, एवढे तिला ठाऊक होते. आणि ते तिने धनिणीला सांगितले. मी परकी, मी कैदी, मी लहान, असे म्हणून ती गप्प राहिली नाही. दुसरी गोष्ट तितकीच मोठी : धनिणीने ऐकले, नामानाने ऐकले. पुढे संदेष्ट्याच्या दारातून रागाने परत फिरलेल्या नामानाला त्याच्या चाकरांनीच आदराने समजावले, आणि तेही त्याने ऐकले. नामान शुद्ध झाला तो देवाच्या सामर्थ्याने. पण त्या सामर्थ्यापर्यंत त्याला नेणारे शब्द दोन्ही वेळा खालच्या पायरीवरून आले.

५. पौल कसा बोलला (वचने २१-२६)

न ऐकणाऱ्यांच्या चुकीमुळे पौलही बुडू लागला होता. अनेक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. वाचण्याची आशा सर्वांनी सोडली होती. अशा वेळी तो मध्ये उभा राहिला. त्याने आधी स्पष्ट सांगितले, की माझे ऐकून क्रेत सोडले नसते तर ही हानी टळली असती. हे बोलणे काहींना खटकते. प्रेषिताने जखमेवर मीठ का चोळावे? परंतु नीट पाहा. ते एकच वाक्य आहे. पुढची सर्व वाक्ये धीर देणारी आहेत : कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही, केवळ तारवाची होईल, देवदूताने मला रात्री तसे सांगितले आहे. मागील चूक त्याने झाकली नाही, कारण आता तरी त्यांनी ऐकावे अशी गरज होती; पण त्या चुकीवर तो बसूनही राहिला नाही.

आपल्यापैकी कित्येकांचे सत्य बोलणे दोन टोकांना जाते. एक तर आपण आडून सुचवतो, इतके मऊ की ऐकणाऱ्याला ते लागतच नाही. किंवा आपण पाणी डोक्यावरून जाईपर्यंत गप्प राहतो आणि मग, मी आधीच सांगत होतो, ह्याचा उच्चार महिनोनमहिने करतो. पहिल्यात सत्य हरवते, दुसऱ्यात प्रीती. इफिसकरांस पत्रात प्रीतीने सत्य बोलण्याविषयी जे लिहिले आहे त्यातले दोन्ही शब्द जड आहेत. अंत्युखियात पेत्र चुकीच्या वाटेने जाऊ लागला तेव्हा पौलाने त्याच्या माघारी कुजबुज केली नाही. तोंडावर, सर्वांसमोर बोलला, कारण सुवार्तेचे सत्य पणाला लागले होते. आणि तो त्याला प्रेषित मानणे सोडून बसला नाही.

६. अभिवचन आणि होडीचे दोर (वचने ३०-३२)

आता आपण ह्या अध्यायाच्या मर्माशी आलो. चौदाव्या रात्री खलाशांनी पाण्याची खोली मोजली. जमीन जवळ येत होती. नाळीवरून नांगर टाकण्याचे निमित्त करून त्यांनी होडी समुद्रात सोडली. खरा बेत पळून जाण्याचा होता. ज्यांना तारू चालवता येत होते तेच प्रवाशांना सोडून निघाले होते! पौलाने शताधिपतीला व शिपायांना सांगितले, की हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणे शक्य नाही.

वाचकहो, येथे थांबा. काही दिवसांपूर्वी ह्याच पौलाने देवाचे अभिवचन सांगितले होते, की सर्व जण वाचतील. मग खलाशी गेले तरी काय बिघडणार होते? देव तारी त्याला कोण मारी, असे म्हणून पौल निवांत का बसला नाही? कारण देवाचे अभिवचन माणसाचे कर्तव्य रद्द करत नाही, हे त्याला ठाऊक होते. देवाने सर्वांचे तारण ठरवले होते. ते ज्या हातांनी घडवायचे त्यांत खलाशांचे हात होते. विश्वास ठेवणारा माणूस म्हणून पौल अधिक निष्काळजी नव्हे, अधिक जागा राहिला. जे बाकीच्यांना अंधारात दिसले नाही ते त्याला दिसले.

आणि ह्या वेळी ऐकले गेले. शिपायांनी दोर कापले आणि होडी वाहून जाऊ दिली. आता कोणाही एका गटाला स्वतःपुरते वाचण्याची वाट उरली नाही. वाचलो तर सारे, नाहीतर कोणीच नाही. ताणाचे रूपांतर ऐक्यात होते ते अशा वेळी. प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक मंडळीत अशा लहान लहान होड्या बांधलेल्या असतात : वेळ आली तर मी दुसऱ्या चर्चला जाईन, मी कमिटीचा राजीनामा देईन, मी वेगळे घर करीन. होडी असली की माणूस नांगर टाकण्याचे नुसते निमित्त करतो.

७. उपाशी माणसांना भाकर (वचने ३३-३८)

पहाट होता होता पौलाने सर्वांना अन्न खाण्याची विनंती केली. चौदा दिवस त्यांनी धड खाल्ले नव्हते. त्याने भाकर घेतली, सर्वांदेखत देवाचे आभार मानले, मोडली आणि स्वतः खाऊ लागला. मग सर्वांना धीर आला. लूकने माणसांची संख्या नेमकी येथेच दिली आहे. आतापर्यंत मालक, खलाशी, शिपाई, कैदी असे गट होते. भाकर खाताना ते २७६ जीव झाले.

योनाच्या पुस्तकातील तारू आठवा. तेथेही वादळ होते. देवाला ओळखणारा एकच माणूस त्या तारवावर होता आणि तो खाली झोपला होता. परधर्मी तांडेलाने येऊन त्याला उठवले. दोन तारवे, दोन भक्त : एकाच्या अवज्ञेमुळे सर्वांवर संकट आले, दुसऱ्याच्या निष्ठेमुळे सर्वांचे प्राण वाचले. आपल्या कचेरीत, चाळीत, गावात आपण एकटेच ख्रिस्ती असू. तेथे आपण योना आहोत की पौल, हे शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही. वादळात ते दिसते.

८. सू सिटीची दुपार

पोर्टलंडच्या अपघातापासून विमान कंपन्या धडा शिकल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने ह्या विषयावर परिषद भरवली. १९८१ पासून युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांना नव्या प्रकारचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. आज जगभर ते क्रू रिसोर्स मॅनेजमेंट ह्या नावाने ओळखले जाते. त्याचे सार असे : कप्तानाने विचारावे व ऐकावे, हाताखालच्याने धोका दिसताच स्पष्ट बोलावे, शेवटचा निर्णय कप्तानाचाच, पण तो सर्वांच्या ज्ञानावर उभा असावा.

१९ जुलै १९८९ रोजी ह्याच कंपनीचे एक विमान २९६ जणांना घेऊन डेन्व्हरहून शिकागोला निघाले असता शेपटीतील इंजिन फुटले. त्याच्या तुकड्यांनी विमानाला वळवणाऱ्या तिन्ही तेलदाब-यंत्रणा निकामी केल्या. अशा स्थितीत विमान कसे चालवावे ह्याचा नियम कोठल्याच पुस्तकात नव्हता. प्रवाशांमध्ये डेनी फिच नावाचे त्याच कंपनीचे एक प्रशिक्षक बसले होते. त्यांनी विमानसेविकेकरवी मदत देऊ केली. कप्तान अल हेन्स ह्यांनी, मी कप्तान आहे, माझे मी पाहीन, असे म्हटले नाही. त्यांना आत बोलावून घेतले. उरलेल्या दोन इंजिनांचा वेग कमीजास्त करून विमान वळवण्याचे काम फिच करू लागले. चौघे एकमेकांशी सतत बोलत होते, विचारत होते, सुचवत होते. मागे विमानसेविका प्रवाशांची तयारी करत होत्या. सुमारे पाऊण तासाने विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आदळले, मोडले, पेटले. ११२ जण मरण पावले; १८४ वाचले. हेन्स ह्यांनी पुढील आयुष्यात वारंवार सांगितले, की त्या शिक्षणावाचून आमचा निभाव लागला नसता.

ऐकले म्हणजे सर्व जण वाचतातच असे नाही. ११२ घरांत त्या दिवशी आकांत झाला, हे विसरून बोध काढणे योग्य होणार नाही. पण अकरा वर्षांपूर्वी पोर्टलंडला जे कमी पडले, ते शिकले गेल्यामुळे १८४ माणसे आपल्या घरी परतली.

युल्यही शिकला. अध्यायाच्या अखेरीस तारू रुतले आणि मागचा भाग लाटांनी फुटू लागला. कैदी पळू नयेत म्हणून त्यांना ठार मारावे असा शिपायांचा विचार झाला. रोमी शिस्तीत कैदी सुटला तर पहारेकऱ्याच्या जिवावर बेतत असे. म्हणून भयाने हा विचार सुचला असावा. सुंदर बंदरात बहुमताबरोबर गेलेला शताधिपती ह्या वेळी एकटा उभा राहिला आणि त्याने त्यांना आवरले. त्याने पौलाला वाचवू पाहिले, आणि त्यामुळे सर्व कैदी वाचले. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी तारवाच्या तुकड्यांवर, सर्व जण मिलिता बेटाच्या किनाऱ्याला लागले.

९. मंडळीरूपी तारू

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना मंडळीसाठी तारवाची उपमा प्रिय होती. आजही देवालयाच्या ज्या भागात उपासक बसतात त्याचे पाश्चात्त्य नाव तारू ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. तेव्हा आपल्या तारवाकडे पाहू या.

मंडळीच्या हिशेबात काहीतरी चुकते आहे हे खजिनदाराला दिसते. पण कमिटीत बसलेले सारे वयाने मोठे असतात. संडे स्कूलची शिक्षिका पाहते की तरुण मुले एकेक करून दुरावत आहेत. पण तिला सभेत कोणी विचारत नाही. पाळकसाहेब थकले आहेत, चिडचिडे झाले आहेत, हे त्यांच्या पत्नीला कळते. पण पाळकाच्या घरचे दुःख बाहेर सांगू नये असा संकेत आहे. घरात मुलगा दारूच्या मार्गाला लागला आहे हे धाकट्या बहिणीने आधी पाहिले. पण लहान तोंडी मोठा घास नको म्हणून ती गप्प राहिली. आणि आपण बहुधा चाकांच्या दिव्याकडेच पाहत असतो : देवालयाचा रंग, वर्धापनदिनाचा मंडप, निवडणुकीत कोण येणार. इंधनाचा काटा खाली येत राहतो. ते इंधन म्हणजे प्रार्थना, परस्परांवरील विश्वास आणि वचनाची भूक.

ज्यांच्या हाती अधिकार आहे त्या वडील मंडळींनो, पुढच्या सभेत सर्वांत कमी बोलणाऱ्याला आधी विचारा. त्याचे म्हणणे मान्य झालेच पाहिजे असे नाही. पण ते पूर्ण ऐकले गेले पाहिजे. आणि ज्यांना काही दिसले आहे पण जे गप्प आहेत त्या बंधुभगिनींनो, देवाने डोळे दिले तसे ओठही दिले आहेत. प्रार्थना करून, योग्य माणसाजवळ, स्पष्ट शब्दांत बोला. एकदा ऐकले नाही तर पौलासारखे पुन्हा उभे राहा. आपला प्रभू गालील समुद्रावरील वादळात त्याच होडीत निजला होता. शिष्यांनी घाबरून उठवले तेव्हा त्याने आधी वारा शांत केला. ज्या तारवात तो आहे, त्यात एकमेकांचे ऐकण्याचे भय कशाला?

मननासाठी प्रश्न

१. युल्याने पौलाशी ममतेने वागूनही त्याचे का ऐकले नाही? आपण कोणाशी असे वागतो?
२. वचन २४ व वचन ३१ ह्यांचा मेळ कसा घालाल? देवाचे अभिवचन आणि आपले कर्तव्य ह्यांविषयी त्यातून काय कळते?
३. आपल्या घरात किंवा मंडळीत कोणते सत्य पुष्कळांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही? ते प्रीतीने कोणी, कोणाला, केव्हा सांगावे?
४. आपण कोणती होडी बांधून ठेवली आहे? तिचे दोर कापण्यास आपण तयार आहोत काय?

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांला एकाच तारवात ठेवले आहेस. अधिकार असणाऱ्यांना ऐकणारे कान दे, आणि ज्यांना दिसते त्यांना बोलण्याचे धैर्य दे. आमचे सत्य प्रीतीवाचून असू नये आणि आमची प्रीती सत्यावाचून असू नये. तुझ्या कृपेने आम्हां सर्वांना किनाऱ्यास आण. आमेन.